विहारस्थळे आणि दिव्यांगांची वाट

'सार्वजनिक' हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो. सार्वजनिक उद्यान, सार्वजनिक घाट, सार्वजनिक वाचनालय असे फलक गावोगावी दिसतात. आणि जेथे कोणासही जाण्याची मुभा आहे ते स्थळ सार्वजनिक, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु दाराशी कोणी मनाई केली नाही एवढ्याने प्रवेश मिळाला असे होत नाही. उद्यानाच्या दारात वीतभर उंचीची एकच पायरी असली, तरी चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या मनुष्यास ती कुलपासारखी आहे. त्याला कोणी 'येऊ नकोस' असे म्हणत नाही. पण त्याला येताही येत नाही. अशी कुलपे कोठे कोठे असतात, ती कशी काढावयाची, आणि त्या कामी सामान्य नागरिकास, विशेषतः विद्यार्थ्यांस, स्वयंसेवक या नात्याने काय करता येण्याजोगे आहे, याचा विचार प्रस्तुत भाषणात करावयाचा आहे. उदाहरणांकरिता मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे समोर ठेवले आहेत.

प्रथम हा प्रश्न किती जणांचा आहे ते पाहू. २०११ च्या जनगणनेत सबंध भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. पुढे २०१६ साली जो दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम झाला, त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. यांत ज्यांस चालता येत नाही तेवढेच लोक येतात असे नव्हे. अंध व अल्पदृष्टी, बधिर, बौद्धिक दुर्बलता असलेले, मेंदूच्या पक्षाघाताने हातपायांवरील ताबा गेलेले, अशा अनेकांचा यांत समावेश होतो. त्याशिवाय गुडघे धरलेली आजी, नुकती शस्त्रक्रिया झालेला मनुष्य, गरोदर स्त्री, कडेवर मूल घेतलेली माता यांची नोंद कोणत्याही जनगणनेत दिव्यांग म्हणून होत नाही. तथापि वाट अवघड असेल तर त्यांसही ती अडवितेच.

मराठवाड्यास तर ही गोष्ट निराळी सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन करून जे लोक धडधाकट अंगाने झोपी गेले, त्यांतील हजारो दगडमातीच्या भिंतींखाली मृत्यू पावले, आणि जे वाचले त्यांतील कित्येक जण हातपाय किंवा कणा गमावून बाहेर आले. दिव्यांगत्व ही कोणा एका निराळ्या जातीच्या माणसांची अवस्था नसून, ती कोणाच्याही वाट्यास एका रात्रीत येऊ शकते, हे लातूर जिल्ह्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

येथे एक शंका नेहमी घेतली जाते. शाळा, दवाखाना, कचेरी येथे दिव्यांगांची सोय व्हावी हे सर्वांस मान्य असते. परंतु बाग, नदीकाठ, किल्ला, जत्रा ही तर चैनीची ठिकाणे, तेथील सोयीची एवढी निकड काय, असे पुष्कळ जण विचारतात. ज्यास रोज दाराबाहेर पडता येते त्यालाच ही शंका सुचते. ज्याचे सारे दिवस चार भिंतींत जातात, त्याला मोकळी हवा, ऊन, झाडे आणि चार माणसांची गर्दी यांचे मोल विचारावे. लेकरांचे मैत्र खेळाच्या जागी जुळते, तरुणांच्या ओळखी नदीकाठी होतात, लग्ने जत्रेत ठरतात, आणि गावाच्या बऱ्यावाईट गोष्टी पारावर कळतात. या ठिकाणांतून जो वगळला गेला तो समाजातूनच वगळला गेला. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली दिव्यांगांच्या हक्कांविषयी जो करार केला आणि जो भारताने २००७ साली मान्य केला, त्यात करमणूक, विश्रांती व खेळ यांस स्वतंत्र कलम दिले आहे, ते याच कारणास्तव.

आता दोन्ही जिल्ह्यांतील विहारस्थळे पाहू. नांदेडास गोदावरीचा काठ आहे. नगीना घाट, बंदा घाट, गोवर्धन घाट ही नावे सर्वांच्या तोंडी आहेत. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने शहरातील रस्त्यांची व घाटांची कामे मोठ्या प्रमाणावर झाली. शहरालगत विष्णुपुरीचा जलाशय आहे. जिल्ह्यात कंधारचा भुईकोट, माहूरचे डोंगर, पैनगंगेवरील सहस्रकुंडाचा धबधबा आणि उनकेश्वरचे उष्ण पाण्याचे झरे आहेत. लातूर जिल्ह्यात उदगीर व औसा येथील किल्ले, खरोशाची लेणी, हत्तीबेटाची टेकडी आणि शहरातील लहानमोठी उद्याने आहेत. यांखेरीज माळेगावच्या खंडोबाची यात्रा व लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा यांसारख्या जत्रा आहेत; आणि खेड्यांतील माणसांस जत्रेइतके मोठे विहारस्थळ दुसरे नाही.

या स्थळांतील अडचणी एकसारख्या नाहीत. घाटावर पायऱ्या आहेत, किल्ल्यात खडबडीत फरसबंदी आहे, टेकडीवर चढ आहे, उद्यानात अरुंद फाटक आहे, आणि जत्रेत गर्दी व तंबूंच्या दोऱ्या आहेत. परंतु या सर्वांस एक नियम सारखाच लागू पडतो, आणि तो नीट समजून घेतल्यास पुढील सर्व काम सुलभ होते. वाट ही साखळीसारखी असते. साखळीची एक कडी तुटली म्हणजे उरलेल्या नव्याण्णव कड्या भक्कम असूनही तिचा उपयोग राहत नाही. तद्वत् बसथांब्यापासून बाकापर्यंतच्या वाटेत एक ठिकाण जरी अडले, तरी बाकी सर्व खर्च वाया जातो. कित्येक ठिकाणी दाराशी उत्तम उतार बांधलेला असतो, पण उताराच्या पायथ्याशी उघडे गटार असते. कोठे आत गुळगुळीत मार्ग असतो, पण दुचाक्या शिरू नयेत म्हणून दारातच वाकडेतिकडे लोखंडी अडसर उभे केलेले असतात. कोठे सारे काही ठीक असते, परंतु शौचालयास दोन पायऱ्या असतात. आणि मग बाहेर पडावयाचे असेल त्या दिवशी सकाळपासून पाणीच प्यावयाचे नाही, असा उपाय स्त्रियांस करावा लागतो. म्हणून 'येथे रॅम्प आहे काय' हा प्रश्न अपुरा आहे. 'घरातून निघालेला मनुष्य येथे येऊन, बसून, पाणी पिऊन, शौचास जाऊन, अंधार पडण्यापूर्वी आपल्या आपण परत जाऊ शकतो काय' हा खरा प्रश्न होय.

आता उताराचे गणित पाहू. भारतात इमारतींच्या सुगम्यतेविषयी जी मानके सांगितली आहेत, त्यांनुसार उतार एकास बारा याहून उभा असू नये. याचा अर्थ असा की, १५ सेंटिमीटर उंचीची एक पायरी टाळावयाची तर १८० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. अनेक ठिकाणी याच पायरीपुढे हातभर लांबीचा सिमेंटचा ढीग ओतून रॅम्प झाल्याचे समाधान मानतात. त्यावर खुर्ची चढविण्यास दोन माणसे लागतात, आणि उतरताना बसलेला मनुष्य पुढे तोंडावर पडण्याचे भय असते. हेच गणित घाटास लावून पाहावे. २० पायऱ्यांची उंची ३ मीटर धरली, तर उताराची लांबी ३६ मीटर होते; आणि मध्ये विसाव्यासाठी सपाट जागा सोडाव्या लागतात त्या वेगळ्या. एवढे काम स्वयंसेवकांच्या हातचे नव्हे. ते अभियंत्यांचे व महानगरपालिकेचे आहे. परंतु घाटाच्या वरच्या अंगास सपाट, रुंद, कठडा असलेली आणि सावलीची अशी जागा राखणे, जेथून नदी दिसेल, वारा लागेल आणि सायंकाळची आरती ऐकू येईल, हे पुष्कळच सोपे आहे. जेथे पूर्ण वाट आज होत नाही, तेथे अर्धी तरी चांगली करावी. मात्र ती अर्धी आहे हे विसरू नये.

लांबीबरोबर रुंदीही पाहिली पाहिजे. चाकाच्या खुर्चीस दारात किमान ९० सेंटिमीटर मोकळी जागा लागते, उतारास १२० सेंटिमीटर रुंदी लागते आणि जागच्या जागी वळण्यास १५० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ लागते. दारातील दोन खांबांत ९० सेंटिमीटर अंतर ठेवले तर मोटारी व रिक्षा आपोआप अडतात. दुचाकी मात्र त्यातून शिरते. तिला अडविणे हे पहारेकऱ्याचे काम आहे. तिच्यासाठी खुर्चीची वाट बंद करणे योग्य नव्हे. बाकांच्या ओळीतही एखाद्या बाकाशेजारी खुर्चीपुरती जागा मोकळी सोडावी, म्हणजे सोबतीचा मनुष्य बाकावर आणि खुर्चीतील मनुष्य त्याच्या शेजारी, असे दोघांस बोलत बसता येते. या जागेस खर्च काही येत नाही. तिची आठवण तेवढी असावी लागते.

या भागाची माती व हवाही ध्यानात घेतली पाहिजे. नांदेड-लातूरची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. अशा मातीवर नुसते सिमेंट ओतले तर दोन पावसाळ्यांत ते दुभंगते आणि त्याची धार वर येऊन नवीच पायरी निर्माण होते. यास्तव काळी माती खोदून काढणे, तेथे मुरूम भरून पाणी मारीत धुमसणे, कडेने पाणी वाहून जाण्यास चर ठेवणे, आणि मगच वरचा थर देणे ही रीत पाळावी लागते. शहाबादी फरशी या भागात सर्वत्र वापरतात. ती ओली झाली की घसरते, म्हणून वाटेवर टाकीने खडबडीत केलेली फरशी घालावी. लोखंडी कठडा वैशाखाच्या दुपारी हात लावण्याजोगा राहत नाही. तो सावलीत असावा. कण्याच्या वरच्या भागास इजा झालेल्या मनुष्यास घाम नीट येत नाही आणि त्याच्या शरीराचा ताप सहजी उतरत नाही. त्यामुळे ४० अंशांहून अधिक उन्हाळ्याच्या या प्रदेशात कडुलिंबाची सावली आणि हाताशी येणारा पाण्याचा नळ या त्याच्या दृष्टीने जिवाच्या गोष्टी आहेत.

ज्यास दिसत नाही त्याची गरज निराळी असते. त्याला पायरीचे भय नाही. अनपेक्षित पायरीचे भय आहे. पायऱ्या सारख्या उंचीच्या असाव्यात, पहिल्या पायरीपूर्वी पायास कळेल अशी खरबरीत पट्टी असावी, आणि डोक्याच्या उंचीवर फांद्या अगर फलक लोंबत नसावेत. जपानमधील सेइची मियाके यांनी उंचवट्यांच्या फरशा शोधून काढल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात त्या प्रथम रस्त्यावर बसविल्या. आज आपल्या रेल्वे स्थानकांत फलाटाच्या कडेस दिसणाऱ्या पिवळ्या गोळ्यांच्या फरशा त्याच घराण्यातील होत. आपल्याकडे मात्र त्या पुष्कळदा शोभेसाठी बसवितात आणि त्यांच्यावरच फेरीवाल्याची गाडी उभी राहते. बधिर मनुष्यास ध्वनिक्षेपकावरील सूचना कळत नाही. त्याच्यासाठी तीच सूचना ठळक अक्षरांत फळ्यावर लिहिली की काम होते. बौद्धिक दुर्बलता असलेल्या लेकरास गोंगाटाचा त्रास होतो. जत्रेत त्याच्या आईला क्षणभर टेकण्यास एक शांत तंबू मिळाला, तर दोघांचाही दिवस सुखाचा जातो.

हे सर्व करण्याची जबाबदारी कायद्याने कोणावर आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. २०१६ च्या अधिनियमातील 'सार्वजनिक इमारत' या संज्ञेत धार्मिक, सांस्कृतिक आणि करमणुकीच्या जागाही येतात. अस्तित्वात असलेल्या इमारती सुगम करण्यास नियम झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती; नियम २०१७ साली झाले आणि मुदत २०२२ साली संपली. पुढे राजीव रतुरी यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी असा निर्णय दिला की, सुगम्यतेची मानके केवळ शिफारशी म्हणून ठेवणे अधिनियमास धरून नाही. किमान मानके बंधनकारक असलीच पाहिजेत. महाराष्ट्रात २०२२ साली दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग झाला, आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के भाग दिव्यांगांकरिता खर्च करावा असा शासनाचा आदेश आहे. तेव्हा हे काम म्हणजे कोणाचा उपकार नव्हे. ते देणे आहे, आणि देणेकरी कोण हेही ठरलेले आहे.

मग स्वयंसेवकांची गरज काय, असे कोणी विचारील. याचे उत्तर असे की, कचेरीस इमारत दिसते, वाट दिसत नाही. एका खात्याकडे रस्ता असतो, दुसऱ्याकडे गटार, तिसऱ्याकडे उद्यान आणि चौथ्याकडे नदीकाठ. यांच्या सांध्यांवर जी कडी तुटते ती कोणाच्याच दप्तरात नसते. ती पायी चालून पाहणाऱ्यासच सापडते. शिवाय बांधलेली वस्तू राखावी लागते. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर खुर्चीतील लोकांना थेट समुद्रापर्यंत नेणारी लाकडी वाट नोव्हेंबर २०२२ मध्ये खुली झाली. त्यापूर्वी कित्येक वर्षे दिव्यांगांच्या संघटनांनी तिच्यासाठी आग्रह धरला होता. दोन आठवड्यांच्या आतच डिसेंबरच्या वादळाने तिची मोडतोड झाली आणि ती पुन्हा दुरुस्त करावी लागली. आपल्याकडे समुद्र नाही, पण विष्णुपुरीचे दरवाजे उघडले म्हणजे गोदावरीचे पाणी घाटावर चढते आणि ओसरताना गाळाचा थर ठेवून जाते. त्या गाळावर कुबडी टिकत नाही आणि चाक फिरत नाही. पुरानंतर वर्षभर वाट पाहण्यापेक्षा पन्नास जणांनी एका सकाळी फावडी घेऊन तो गाळ काढला, तर मोठा उपयोग होतो.

मनुष्यबळाची येथे वाण नाही. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. तीतील विद्यार्थ्याने दोन वर्षे प्रत्येकी १२० तास सेवा करावयाची असते आणि सात दिवसांचे निवासी शिबिर करावयाचे असते. नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. या विद्यापीठाच्या महाविद्यालयांची शिबिरे दर वर्षी खेडोपाडी भरतात. रस्ता झाडणे, झाडे लावणे, प्रभातफेरी काढणे ही कामे त्यांत होतात. त्यांतील एखादे शिबिर एखाद्या घाटाच्या, टेकडीच्या किंवा यात्रास्थळाच्या वाटेस वाहिले, तर नव्या पैशाची किंवा नव्या संस्थेची जरुरी पडणार नाही. सेवेची परंपराही येथे जुनी आहे. हुजूर साहिब येथे येणारा यात्रेकरू जोडे सांभाळणे, भांडी घासणे, लंगरात वाढणे यास सेवा म्हणतो. आणि गाडगे महाराजांनी हाती खराटा घेऊन गावे झाडली हे महाराष्ट्रास ठाऊकच आहे.

सात दिवसांचे काम कसे आखावे, याचा एक नमुना येथे देता येईल. पहिला दिवस ऐकण्याचा. त्या परिसरातील चाकाच्या खुर्चीचा, कुबड्यांचा अगर पांढऱ्या काठीचा उपयोग करणाऱ्या चार-पाच व्यक्तींना बोलवावे आणि स्थळी त्यांच्याबरोबर फिरावे. ते जेथे थांबतील तेथे खूण करावी. या दिवशी विद्यार्थ्यांनी सल्ला देऊ नये, तो घ्यावा. दुसरा दिवस मोजण्याचा. १२० सेंटिमीटर लांबीची एक सरळ फळी घ्यावी, तिचे वरचे टोक उतारावर टेकवावे, फळी समपातळीत धरावी आणि खालच्या टोकाशी जमिनीपर्यंत किती अंतर राहते ते पाहावे. ते १० सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर उतार एकास बारा या मर्यादेत आहे. समपातळी पाहण्यास गवंड्याची पाण्याची नळी पुरे होते. अशा रीतीने शाळेतील मुलांनाही उतार तपासता येतो.

तिसऱ्या दिवशी नोंदलेल्या अडथळ्यांचे तीन भाग करावेत. पहिल्या भागात आपल्या हाताने होण्याजोगी कामे: वाटेवरील दगड व काटेरी फांद्या दूर करणे, खड्डे मुरूमाने भरणे, पायरीच्या कडेस ठळक पिवळा रंग देणे, दिशादर्शक फलक मोठ्या अक्षरांत लिहिणे, आणि सुताराकडून एका पायरीपुरता उचलता येणारा लाकडी उतार करून घेणे. या उतारास दोन्ही कडांनी पट्टी मारलेली असावी, म्हणजे चाक बाजूस घसरत नाही. दुसऱ्या भागात महानगरपालिका, नगरपरिषद, ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषद यांनी करावयाची कामे: कायमचा उतार, कठडा, शौचालय, गटारावरील झाकण. यांचा मापांसह व छायाचित्रांसह अर्ज करावा, पोच घ्यावी आणि पाठपुरावा करण्यास दोन नावे नेमावीत. तिसऱ्या भागात संरक्षित स्मारके. कंधार, उदगीर, औसा येथील किल्ल्यांत अगर खरोशाच्या लेण्यांत पुरातत्त्व खात्याच्या अनुज्ञेवाचून एक खिळाही ठोकू नये. सेवेच्या उत्साहात जुन्या दगडावर सिमेंट ओतणे हा अपराध होय. तेथे सुटे, काढून ठेवता येणारे लाकडी मार्ग मागावेत; आणि जेथे खुर्ची पोचणे शक्य नाही तेथील शिल्पांचे हाताने चाचपून पाहण्याजोगे नमुने व मोठी छायाचित्रे खालच्या सपाट जागी ठेवावीत, अशी सूचना खात्यास करावी. पुढचे तीन दिवस हातच्या कामाचे. आणि सातवा दिवस पुन्हा त्याच चार-पाच व्यक्तींबरोबर तीच वाट चालण्याचा. काम झाले की नाही हे त्यांनी सांगावयाचे, शिबिरप्रमुखाने नव्हे.

जत्रेचे काम थोडे निराळे. माळेगावच्या यात्रेत माणसे, जनावरे आणि दुकाने यांची दाटी असते. तेथे एक वाट दोऱ्या, खुंट्या व टोपल्या यांपासून मोकळी राखणे, तंबूच्या दोऱ्यांना पांढरे फडके बांधणे, आणि दर दोन तासांनी पाळी बदलून त्या वाटेवर चार स्वयंसेवक फिरते ठेवणे एवढे केले, तरी पुष्कळ साध्य होते.

आता एका नाजूक विषयाकडे वळले पाहिजे. आपल्याकडे मदत म्हटली की चार तरुण पुढे होतात आणि खुर्चीसह माणसास उचलून पायऱ्या चढवितात. त्यांच्या भावनेस दोष देता येत नाही. परंतु ज्यास उचलले जाते त्याच्या मनाचा विचार क्वचितच होतो. गर्दीच्या देखत सामानासारखे उचलले जाणे, कोठे धरावे हे न विचारता कोणाचेही हात अंगाला लागणे, आणि परतताना तेच चार तरुण सापडतील की नाही याची धाकधूक, यांमुळे कित्येक जण, आणि स्त्रिया तर विशेषेकरून, 'घरीच बरे' असे म्हणतात. उचलून नेण्याने एका माणसाचा एक दिवस साधतो. पायरी काढण्याने पुढे येणाऱ्या सर्वांचे सर्व दिवस साधतात. जेथे उचलल्यावाचून गत्यंतर नाही तेथेही आधी विचारावे, तो सांगेल तसे धरावे, आणि तो 'नको' म्हणाला तर ते मानावे. अंध मनुष्याचा हात धरून ओढू नये. आपले कोपर पुढे करावे, तो ते धरील आणि अर्धे पाऊल मागून चालेल. तीव्र उतारावरून खुर्ची उतरविताना तिची पाठ उताराकडे करून, मागून तोलून धरीत हळूहळू आणावी. बोलावयाचे ते खुर्चीतील माणसाशी बोलावे, त्याच्या सोबत्याशी नव्हे. या गोष्टी लहान आहेत, पण माणूस पुन्हा बाहेर पडेल की नाही हे त्यांवरच ठरते.

कोणी म्हणेल की, दिव्यांगांस स्वतःच या गोष्टींची हौस नसते. हौस नसते असे नाही, वाट नसते. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. त्यांनीच १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे दिव्यांगांच्या जागतिक क्रीडामहोत्सवात पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. नांदेड जिल्ह्याच्या गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव यांनी २०२४ साली पॅरिस येथील पॅरालिंपिक स्पर्धांच्या उद्घाटनात सुमित अंतील यांच्यासह भारताचा ध्वज हाती धरला. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावर दिव्यांगांची पथके जाऊन आली आहेत. अर्थात प्रत्येकाने शिखर चढावे किंवा पदक जिंकावे अशी अपेक्षा करणे हाही एक प्रकारचा जाचच होय. धडधाकट मनुष्य बागेत जातो तो पराक्रमासाठी जात नाही. शेंगा खात बसण्यासाठी जातो. दिव्यांग मनुष्यासही तेवढ्याच साध्या कारणासाठी, कोणाचे आभार न मानता, तेथे जाता आले पाहिजे.

दर वर्षी ३ डिसेंबर हा दिवस जगभर दिव्यांगांचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी सभा होतात, हार घातले जातात, खुर्च्या वाटल्या जातात. वाटलेली खुर्ची कोणत्या वाटेने आणि कोठवर जाणार, हे मात्र पाहिले जात नाही. येत्या ३ डिसेंबरपूर्वी नांदेड-लातूरमधील प्रत्येक महाविद्यालयाने, तरुण मंडळाने किंवा भजनी मंडळाने आपल्या गावातील एकच विहारस्थळ निवडावे. तेथे एखाद्या दिव्यांग शेजाऱ्यास बरोबर घेऊन एकदा चालून यावे. आणि जी कडी प्रथम तुटलेली आढळेल तेवढीच आधी सांधावी. सारे स्थळ एका वर्षात सुगम होणार नाही. परंतु एक फाटक रुंद झाले, एक शौचालय उघडले, एका घाटावर नदी दिसेल अशी सपाट जागा झाली, तर जो मनुष्य इतकी वर्षे खिडकीतून रस्ता पाहत होता तो पुढच्या दिवाळीत त्या रस्त्यावर दिसेल. आणि त्याला तेथे पाहण्याची गावासही सवय होईल.